उंद्रीची उलटी यादी

१

अकरा वाजून सतरा मिनिटांनी निशिगंधाचा चेहरा पुण्यातल्या तीन माणसांच्या पडद्यावर गोठला. त्यांनी तिला विचारलं होतं, घाबरलेल्या बाईला फोनवर धीर कसा द्याल? उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि तिकडं ते तोंड चार मिनिटं तसंच उघडं राहिलं. आवाज आधी तुटत गेला, मग गेलाच.

तासाभरानं ती झुंबरबाईंच्या दारात उभी होती. हातात फोन, डोळे लाल, आणि डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नाही.

झुंबरबाईंचं घर उंद्रीच्या बसथांब्यामागं, दीड खोल्यांचं. वय सहासष्ट, मागंपुढं कुणी नाही, कान मात्र अजून तरणे. चिखलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात त्यांनी सोळा वर्षं डोक्याला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडले होते. तेवढ्यात त्यांना एक विद्या आली होती. खोटं बोलणाऱ्याचा श्वास शब्दाच्या आधी अडखळतो, तो त्यांना ऐकू यायचा. या विद्येवर त्यांनी गावातली चोरीला गेलेली पाण्याची मोटार शोधून दिली होती आणि सरपंचाच्या मेव्हण्याशी कायमचं वैर घेतलं होतं.

निशिगंधानं सगळं सांगितलं. पुण्याच्या एका संस्थेची आजारी माणसांसाठी हेल्पलाइन होती. घरी बसून, कानाला हेडफोन लावून लोकांशी बोलायचं काम. दोन फेऱ्या ती पार झाली होती, ही शेवटची. संस्थेच्या बाई भल्या निघाल्या. त्यांनी उद्या शुक्रवारी बाराला पुन्हा बोलावलं होतं. मात्र तिसरी संधी मिळणार नव्हती.

"म्हंजे रेंज गेली," झुंबरबाई म्हणाल्या.

"रेंज नाही गेली मावशी. कोणीतरी मुद्दाम केलं."

तिनं फोन पुढं केला. गावात नेट पोचतं ते उन्हाळ्यातल्या नळासारखं, धार बारीक आणि भांडी फार. म्हणून चिखलीच्या फहीमनं परवा तिच्या फोनमध्ये एक सोय चालू करून दिली होती. कोणत्या अ‍ॅपला नेट आधी द्यायचं आणि कोणाला मागून, याची एक यादी होती. बोटानं ओळ धरायची आणि वर किंवा खाली सरकवायची. वरच्याचं पोट भरलं की मगच खालच्याला मिळणार. मुलाखत तुटल्यावर तिनं फहीमला फोन लावला, त्यानं यादी उघडून बघायला सांगितली, आणि मुलाखतीचं व्हिडिओ अ‍ॅप सगळ्यांत खाली तळाला निघालं. त्याच वेळी या फोनमधून लग्नाचे आठशे फोटो इंटरनेटवर चढत होते. ते होते वरून दुसऱ्या जागेवर.

"हे आपोआप होत नाही म्हणे," निशिगंधा म्हणाली. "काल रातच्यापासून फोन घरातच होता. घरात आम्ही चौघं. मी सोडून तिघं उरले."

झुंबरबाईंनी ते तिघं मनातल्या मनात मोजले आणि तिसऱ्या नावावर त्यांचं मन थांबलं. थांबलं म्हणजे चक्क बसकण मारून बसलं.

"मी बॅग भरली हाय," पोरगी पुढं म्हणाली. "सकाळच्या नऊच्या बसनं संग्रामपूरला माहेरी जाते. मुलाखत तिकडंच रस्त्यात कुठंतरी देईन. पण ज्या घरात माह्यासाठी कोणी असा खड्डा खनते, त्या घरात मी परत नाही येनार. कोण हाय ते कळलं तर गोष्ट येगळी. नाही कळलं तर माह्यासाठी तिघंबी चोर."

२

निशिगंधा ही रुक्मिणीबाईची धाकटी सून. हे एवढं साधं वाक्य झुंबरबाईंना मनातसुद्धा सरळ म्हणता येत नसे.

झुंबर आणि रुक्मिणी एकाच साली एक्स्चेंजात लागल्या. एकाच एसटीनं उंद्रीहून चिखलीला जायच्या आणि एकाच बाकड्यावर शेजारी बसायच्या. कॉल तीन जातींचे असत. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग म्हणजे कोणाचं तरी माणूस चाललंय किंवा गाव पाण्यात गेलंय. तो आला की बाकी सगळे थांबायचे. लाइटनिंग अडवायचा नसतो, ही पहिल्या दिवशीची शिकवण. प्रत्येक कॉलची चिठ्ठी लिहायची आणि दोघींच्या मधल्या लाकडी ट्रेमध्ये टाकायची. तो ट्रे तिथल्याच एका सुतारानं खास बनवून दिलेला, दुसरीकडं कुठं तसा नव्हता. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि भंगार निघालं तेव्हा झुंबरबाईंनी तो मागून घेतला. आता त्यात लाइटची बिलं राहायची.

पुढं रुक्मिणीला बढती मिळाली. झुंबरचं काम चांगलं होतं, कान तर तिच्याहून चांगले होते, पण साहेबानं नाव रुक्मिणीचं काढलं. त्या दिवशीपासून दोघी एकाच एसटीत वेगवेगळ्या सीटवर बसू लागल्या. पुढं रुक्मिणीला दोन पोरं झाली, घरावर स्लॅब पडला, आणि चार वर्षांपूर्वी ही सून आली. बढतीचं दुःख झुंबरबाईंनी कधीच गिळलं होतं. सुनेचं गिळवत नव्हतं. ही पोरगी रस्त्यात दिसली की थांबायची, औषध आणलं का म्हणून विचारायची, आणि मग रुक्मिणीच्या घरी निघून जायची. हेवा वाटायचा, अगदी पोटात कळ येईपर्यंत वाटायचा. झुंबरबाईंनी तो स्वतःपासून कधी लपवला नाही.

तर अशा मनानं त्या दुपारी रुक्मिणीबाईच्या घरी तपासाला गेल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. रुक्मिणी देवघरात होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि परत फिरवली.

पहिली सापडली ती मोठी सून मयुरी. तिचा नवरा चिखली लाइनवर जीप चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेरच असतो, आणि परवापासून घरी आलेला नव्हता. मयुरी ज्वारी निवडत होती. झुंबरबाईंनी फोटोंचा विषय काढला तशी ती सुपात बघूनच बोलायला लागली. फोटो तिच्या भावाच्या लग्नाचे. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये जागा नाही, म्हणून काल संध्याकाळी जावेच्या फोनमध्ये घेतले आणि वर चढवायला लावून दिले. सकाळपर्यंत संपतील असं वाटलं होतं.

मग तिचं मन मोकळं झालं, आणि ते काही गोड नव्हतं. पंधरा दिवस धाकटीला सासूनं चुलीला हात लावू दिला नव्हता. अभ्यास आहे म्हणे. भाकरी मयुरीनं थापायच्या, भांडी मयुरीनं घासायची, आणि धाकटी आरशासमोर बसून पुण्याची भाषा बोलायचा सराव करणार.

"जळते मी तिच्यावर, खोटं कायले बोलू," मयुरी म्हणाली. "माहीबी बारावी झाली हाय. मले कोणी विचारलं का हेडफोन लावते का म्हून? पण ते यादीबिदी मले माहीत नाही. फोटू टाकले, येवढंच."

श्वास कुठं अडखळला नाही. झुंबरबाईंनी एक गोष्ट मात्र मनात टिपून ठेवली. फोटोंची हौस असणाऱ्या बाईनं यादीला हात लावला असता तर फोटो पहिल्या जागेवर असते. ते दुसऱ्या जागेवर होते. पहिल्या जागेवर होता गोट्या फोडायचा एक गेम, जो या घरात आठवड्यातून एकदा कोणी उघडत असेल.

उठताना मयुरी हळूच म्हणाली, "त्या यादीचं भागवत भाऊजींले विचारा. काल जेवणं झाल्यावर तेच फोन घेऊन बसले होते."

३

भागवत, निशिगंधाचा नवरा, शेताच्या बांधावर फवारणीचा पंप खोलून बसला होता. पंपाला काही झालं नव्हतं. माणसाला घरी जायचं नसलं की तो चांगला पंप खोलतो, हे झुंबरबाईंना लांबूनच कळलं.

झुंबरबाई बांधावर बसल्या आणि गप्प राहिल्या. ऑपरेटरला गप्प बसता येतं, समोरच्याला ते सोसत नाही.

"मावशी, तुमाले वाटते मी केलं," तो शेवटी म्हणाला.

"तुह्या बायकोलेबी वाटते."

ते त्याला लागलं. मग एकेक निघालं. नोकरी लागली तर ती दिवसभर परक्या माणसांशी बोलणार. गोड बोलणार, कारण कामच ते. आपण शेतातून घरी आल्यावर आपल्या वाट्याला काय उरणार, हा विचार त्याला महिनाभर खात होता. सरावासाठी ती आरशाला म्हणायची, सांगा, मी ऐकते आहे. भागवतला लग्नाच्या चार वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

"काल यादी उघडली होती मी," तो म्हणाला, आणि श्वास अडखळला. झुंबरबाई सरसावून बसल्या. "तिची ओळ सगळ्यांत वर होती. फहीमभाईनं लावली तशी. बोट ठेवलं मी त्या ओळीवर. खाली वढावं वाटलं. देवाशपथ सांगतो, वाटलं. पन नाही वढली. तशीच ठेवून फोन सैपाकघरात चार्जिंगले लावला अन् झोपलो."

पहिल्या वाक्यावर अडखळलेला श्वास शेवटच्या वाक्यापर्यंत सरळ झाला होता. लाज वाटणाऱ्याचा श्वास असाच चालतो. खोटं बोलणाऱ्याचा उलटा, पुढं पुढं जास्त अडखळतो. म्हणजे रात्री झोपेपर्यंत यादी ठीक होती. निशिगंधानं सकाळी सातला फोन उचलला तो थेट मुलाखतीच्या तयारीसाठी, यादी तिनं उघडलीच नाही. मयुरी साडेसहाला उठते, आणि तिनं फोटो सोडून कशाला हात लावला नव्हता.

"तुह्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठते?" झुंबरबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. एक्स्चेंजच्या पहिल्या पाळीसाठी जी बाई पाचला उठायची, ती अजून पाचलाच उठत असणार.

"आई," भागवत म्हणाला.

४

परत येताना झुंबरबाईंची चाल सहासष्ट वर्षांच्या बाईची राहिली नव्हती. मनात उकळी फुटत होती. इतकी वर्षं जिचं सगळं चांगलंच होत आलं, तिचा हात आज सापडला होता. सून चार माणसांत मोठी होणार, आपल्याहून मोठी, आपल्याच धंद्यात. सासूला ते सोसलं नाही. किती सोपं होतं सगळं. झुंबरबाईंना ते समजायला जराही जड गेलं नाही, कारण त्या जागी त्या असत्या तर त्यांनाही सोसलं नसतं.

रुक्मिणीबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. झुंबरबाई समोर उभ्या राहिल्या.

"सकाळी पाचला सुनेचा फोन हातात घेतला होता तू?"

"घेतला होता."

"काऊन?"

"माह्या घरचा फोन हाय. तुले कायले सांगू?"

"यादी उघडली होती?"

रुक्मिणीबाईंच्या हातातली वात थांबली. त्यांनी बत्तीस वर्षांनी झुंबरबाईंच्या तोंडाकडं सरळ पाहिलं.

"उघडली. पोरीचं काम सगळ्यांच्या आधी व्हावं, येवढंच मले पाह्यजे होतं. नंतर कोन्या हातानं काय केलं ते मी बोलनार नाही. बोलली तं हे घर दोन चुलींचं होईल. जा आता."

एवढं म्हणून त्या आत गेल्या.

झुंबरबाई ओसरीवर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यांना आनंद व्हायला हवा होता. बाईनं यादी उघडल्याचं कबूल केलं होतं, आणि तिच्यानंतर उरणाऱ्या मयुरीचा श्वास दुपारी कुठं अडखळला नव्हता. पण श्वास. रुक्मिणीचा श्वास पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सुतासारखा सरळ होता. जिच्या शेजारी बसून दहा वर्षं काढली तिचा श्वास ओळखण्यात चूक होणार नव्हती. हात तिचाच होता, आणि ती खोटं बोलत नव्हती.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

५

साडेचारच्या जीपनं त्या चिखलीला गेल्या. फहीमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान धान्यबाजाराच्या तोंडाशी. फहीम त्यांना खाला म्हणायचा, कारण त्याच्या वालिदांचे सौदीचे कॉल याच बाईनं जोडून दिले होते.

झुंबरबाईंनी त्याला एकच गोष्ट विचारली. तू यादी लावलीस ती कशी होती? फहीमनं वही काढली. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये काय बदललं ते तो लिहून ठेवायचा. वरून खाली असं होतं: मुलाखतीचा व्हिडिओ, बँक, बाजारभाव, व्हॉट्सअ‍ॅप, मालिका, गाणी, फोटो, गेम.

झुंबरबाईंनी निशिगंधाकडून आजची यादी कागदावर उतरवून आणली होती. गेम, फोटो, गाणी, मालिका, व्हॉट्सअ‍ॅप, बाजारभाव, बँक, व्हिडिओ.

वहीचं पान फहीमनं फाडून दिलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. फहीमनं डोकं खाजवलं.

"खाला, ही तं पूरी उलटी हाय. एकूनएक ओळ."

"हाव," झुंबरबाई म्हणाल्या. "ज्याले वाईट करायचं हाय तो एक ओळ खाली वढन अन् पळन. बाकीच्या सात कायले लावत बसन?"

आठ ओळी एकेक करून, बोटानं धरून, नीट फिरवायच्या म्हणजे दहा मिनिटांचं काम. रागावलेला माणूस एवढा वेळ देत नाही. इतकी निगुती माणूस करतो ती मायेपोटी. झुंबरबाईंना हा विचार आवडला नाही आणि त्यांनी तो बाजूला सारला.

"ही यादी कशी चालते ते घरातल्या कोनाकोनाले सांगितलं होतं तू?"

"भागवतले. अन् त्याच्या अम्मीले. परवा सूनबाईंच्या संग आल्या होत्या ना, चष्म्यासाठी. चष्मा अजून भेटला नाही त्याहीले. म्या सांगितलं, ज्याचं काम जितकं जरूरी तितका त्याचा नंबर आधी. त्या हासल्या. म्हणे, पोरा, हे मले नको शिकवू, उभी जिंदगी हेच केलं."

"कोनती बाजू आधीची, ते सांगितलं होतं? वरची का खालची?"

फहीमनं खांदे उडवले. "त्यात काय सांगाचं खाला? वरचा पहिला. वर बारीक अक्षरात लिहून हाय इंग्रजीत."

झुंबरबाई घरी आल्या तेव्हा दिवे लागले होते. दारात लाइटचं बिल पडलेलं. शेवटची तारीख उद्याचीच, म्हणजे सगळ्यांत आधी भरायचं हेच. त्यांनी चपला काढल्या, दिवा लावला, आणि डोक्यात रुक्मिणी घोळत असताना बिल ट्रेमध्ये ठेवलं. आधीचे कागद डाव्या हातानं उचलले आणि नवं बिल त्यांच्याखाली, तळाशी सारलं.

मग त्यांचा हात तिथंच राहिला.

ट्रेच्या तळाशी, पुढच्या बाजूला, एक फट होती. सुतारानं ती मुद्दाम ठेवलेली. वरून चिठ्ठ्या टाकत जायच्या, खालच्या फटीतून एकेक ओढून घ्यायची. जी तळाला ती पहिली. म्हणून साधा कॉल वर टाकायचा, अर्जंट मध्ये, आणि लाइटनिंग आला की सगळा गठ्ठा उचलून त्याच्या खाली, अगदी तळाला सारायचा. सोळा वर्षं, दिवसाला दोनशे वेळा. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांनंतर आत्तासुद्धा नव्हतं.

पहाटे पाचला, चष्म्याशिवाय, रुक्मिणीनं यादी उघडली. सुनेचा कॉल सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांत शेवटी. गेम तळाला, म्हणजे पहिला. फहीम नवा पोरगा, त्यानं उलटं लावलं असणार. मग त्या बाईनं दहा मिनिटं खपून आठही ओळी फिरवल्या आणि सुनेला लाइटनिंग लावून दिला.

साऱ्या उंद्रीत, साऱ्या जिल्ह्यात, ही चूक करू शकणाऱ्या दोनच बाया होत्या. आणि ती चूक समजू शकणारीही एकच.

६

झुंबरबाईंनी त्या दिवशी भाकरी केली नाही. ट्रे समोर घेऊन बसल्या.

गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. निशिगंधाला एवढंच सांगायचं, पाचला फोन तुझ्या सासूच्या हातात होता, तिनं कबूल केलंय. शब्दन्‌शब्द खरा. पोरगी नऊच्या बसनं जाईल. कधीतरी आठवण झाली तर झुंबरबाईंनाच फोन करील, मावशी औषध घेतलं का म्हणून. आणि रुक्मिणी त्या स्लॅबच्या घरात मयुरीवर संशय घेत बसेल, आपणच केलंय हे तिला मरेपर्यंत कळणार नाही. बढतीच्या दिवशी झुंबर जशी बसली होती तशीच ती बसेल.

विचार गोड होता. झुंबरबाईंनी तो पुष्कळ वेळ चघळला.

सकाळी साडेआठला त्या बसथांब्यावर गेल्या. निशिगंधा बॅग पायाशी घेऊन उभी होती. भागवत दहा हात लांब, तोंड फिरवून. झुंबरबाईंच्या काखेत ट्रे होता.

"कळलं का मावशी?" पोरीनं विचारलं.

अर्धं खरं आणि पुरं खरं, दोन्ही ओठांवर आलं होतं. झुंबरबाईंनी स्वतःचाच श्वास अडखळलेला ऐकला. सोळा वर्षांत दुसऱ्यांचे हजार ऐकले, स्वतःचा हा पहिला. त्यांना त्याची लाज वाटली.

"घरी चाल," त्या म्हणाल्या. "बस दुसरी भेटन."

स्वयंपाकघरात सगळे जमले. रुक्मिणीबाई चुलीपुढून उठल्या आणि त्यांची नजर ट्रेवर पडली. त्यांनी तो कोपऱ्याकोपऱ्यानं ओळखला. झुंबरबाईंनी आठ चिठ्ठ्या काढल्या. एकीवर गेम लिहिलं होतं, एकीवर फोटो, एकीवर बँक, अशा. सातांचा गठ्ठा त्यांनी ट्रेमध्ये टाकला आणि आठवी, मुलाखतीची, रुक्मिणीबाईंच्या हातात दिली.

"लाइटनिंग हाय," त्या एवढंच म्हणाल्या. "लाव."

रुक्मिणीबाईंनी विचारसुद्धा केला नाही. डाव्या हातानं गठ्ठा उचलला आणि उजव्या हातानं चिठ्ठी तळाशी सारली. सारून झाल्यावर बोटानं फटीकडून एकदा दाबूनही पाहिली, नीट बसली का म्हणून.

मयुरीला काही कळलं नाही, भागवतला काही कळलं नाही. निशिगंधाचे डोळे मात्र ट्रेवरून फोनवर गेले आणि फोनवरून ट्रेवर आले.

झुंबरबाईंनी मग सांगितलं. फट दाखवली, फहीमचा कागद दाखवला, उलट्या यादीचा दाखवला. फोनमध्ये वरचा पहिला आणि आपल्या ट्रेमध्ये तळाचा पहिला, हे दोनदा सांगावं लागलं. सांगताना त्यांनी रुक्मिणीकडं बघायचं टाळलं.

रुक्मिणीबाई हळूहळू पाटावर बसल्या.

"म्हंजे मीच," त्या म्हणाल्या. "अन् मी या मयुरीवर दात धरून बसली."

मयुरीनं पदर तोंडाला लावला. निशिगंधा खाली बसली, सासूच्या गुडघ्यापाशी. काय बोलावं हे हेल्पलाइनच्या त्या तिघांनीही शिकवलं नव्हतं. तिनं फोन सासूच्या हातात दिला.

"आत्याबाई, तुमीच लावा. या खेपेला वरून."

रुक्मिणीबाईंनी ओळ बोटानं धरली. व्हिडिओची ओळ तळापासून वर चढवायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. फोटो चढवायचं बंद करून टाकायचं मयुरीनं स्वतःहून सुचवलं. भागवत दारात उभा होता. तो बायकोला म्हणाला, तू बोल, मी बाहेर थांबतो, कोणाले आत येऊ देत नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

बाराला आतून आवाज यायला लागला. मोकळा, एकसंध, कुठं न तुटणारा. सांगा, मी ऐकते आहे. ओसरीवर झुंबरबाई आणि रुक्मिणीबाई, मधे हातभर जागा सोडून, बसल्या होत्या. पोरीचा श्वास कुठंच अडखळत नव्हता. झुंबरबाईंनी शेवटपर्यंत ऐकला.

"तुले न सांगूनबी चाललं असतं," रुक्मिणीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"चाललं असतं."

"मग?"

"लाइटनिंग अडवाचा नसते," झुंबरबाई म्हणाल्या.

आत खुर्ची सरकली. निशिगंधा धावतच बाहेर आली, संस्थेच्या बाईंनी एक तारखेपासून काम सुरू करा म्हटलं होतं. ती आधी सासूच्या गळ्यात पडली. मग झुंबरबाईंच्या पाया पडली. आधी आणि मग. झुंबरबाईंच्या पोटात ती जुनी कळ आली, होती तेवढीच, गुंजभरही कमी नाही.

त्या उठल्या, चपला घातल्या. रुक्मिणीबाईंचा हात अजून ट्रेवर होता, लाकडावरून फिरत होता.

"हा ठेवून जातेस का माह्याकडं?" त्यांनी विचारलं. "दोन दिवस."

झुंबरबाईंनी ट्रे त्यांच्या हाताखालून काढून घेतला आणि काखेत मारला.

"सून तुले भेटली, रुक्मिणी," त्या म्हणाल्या. "ट्रे माह्याकडंच राहू दे."